सातपूरहून सिल्व्हरस्टोनला: रेसिंगमध्ये करिअर करायचं तर

दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी भाचा किंवा शेजाऱ्यांची मुलगी माझ्याकडे पाठवली जाते. "हिला फॉर्म्युला वनमध्ये जायचंय म्हणे, जरा समजावून सांग." समजावून सांग म्हणजे डोक्यातलं खूळ काढ, एवढंच पालकांच्या मनात असतं. मी खूळ काढत नाही. मी स्वतः त्या पॅडॉकपर्यंत, म्हणजे शर्यतीच्या ठिकाणच्या टीमच्या तळापर्यंत, पोचलो नाही, हे आधीच सांगतो. कॉलेजात रेसिंग टीममध्ये होतो, आता गाड्यांच्या टेस्टिंगमध्ये नोकरी करतो. आमच्या टीममधली दोघं मात्र पुढे युरोपात रेसिंगच्या कामाला लागली. त्यांना काय जमलं आणि मला काय जमलं नाही, ते इतक्या वेळा सांगून झालंय की एकदाचं लिहून टाकतो.

आधी वय सांगा, मग घरचं बजेट

ड्रायव्हर व्हायचंय की इंजिनिअर, हा प्रश्न दिसतो आवडीचा, पण असतो वयाचा आणि पैशाचा. आज फॉर्म्युला वनमध्ये दिसणारे बहुतेक ड्रायव्हर सहा-आठ वर्षांचे असताना गो-कार्टमध्ये बसलेले असतात. बारावीनंतर "आता रेसिंगकडे वळू" म्हणणारा मुलगा गुणवान असला तरी त्याच्या वयाची पोरं तोवर शेकडो शर्यती खेळून झालेली असतात. इंजिनिअरचं तसं नाही. तिथे एकविसाव्या वर्षी सुरुवात केली तरी उशीर होत नाही.

त्यामुळे मूल दहा वर्षांचं असेल आणि घरात पैसा असेल तर पुढचा भाग नीट वाचा. मूल अठराचं असेल तर तो करमणूक म्हणून वाचा आणि इंजिनिअरच्या भागापाशी थांबा.

ड्रायव्हर: शिडी कशी आहे

फॉर्म्युला वनमध्ये शर्यतीला उतरायला एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट महासंघाचं सुपर लायसन्स लागतं. त्यासाठी वय १८ पूर्ण हवं (अपवाद म्हणून १७व्या वर्षी परवानगी देण्याची सोय आहे) आणि खालच्या मालिकांमधून तीन वर्षांत ४० गुण जमवायला हवेत. फॉर्म्युला २ मध्ये पहिल्या तिघांत आलात तर एका मोसमातच ४० मिळतात. फॉर्म्युला ३ च्या विजेत्याला ३०, फॉर्म्युला ४ च्या विजेत्याला १२. शिवाय फॉर्म्युला वनच्या गाडीतून ३०० किलोमीटर चालवून दाखवावं लागतं. गंमत म्हणजे रस्त्यावर गाडी चालवायचा साधा परवानाही लागतो. नाशिकच्या एमएच-१५ चं लर्निंग काढायला आळस करणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

आपल्याकडची पहिली पायरी म्हणजे कार्टिंग. मॉलच्या पार्किंगमधली भाड्याची कार्ट आणि शर्यतीची टू-स्ट्रोक कार्ट यांत टांगा आणि घोड्याएवढा फरक आहे, पण सुरुवात भाड्याच्या कार्टपासूनच होते. राष्ट्रीय पातळीवर उतरायला एफएमएससीआय या आपल्या देशाच्या मोटरस्पोर्ट महासंघाचं स्पर्धक लायसन्स काढावं लागतं. एखादी अकादमी फी मागायला लागली की तिच्या शर्यतींना एफएमएससीआयची मान्यता आहे का, हा पहिला प्रश्न विचारा. उत्तर गोलमोल आलं तर चहा पिऊन निघा.

नाशिकच्या पालकांना एक गोष्ट उशिरा कळते: ट्रॅक आपल्याजवळ नाही. कोल्हापूरला मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक आहे, आणि ब्रिटिश फॉर्म्युला ३ पर्यंत गेलेला कृष्णराज महाडिकही कोल्हापूरचाच. मोठ्या गाड्यांसाठी चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आणि कोइमतूरचं कारी मोटर स्पीडवे. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा आहे. २०११ ते २०१३ तिथे फॉर्म्युला वन झाली, तीनही वेळा सेबास्टियन वेटेल जिंकला, त्यानंतर ती शर्यत तिथे परत आली नाही. म्हणजे सराव म्हटला की रेल्वे, हॉटेल, टायर, मेकॅनिक आणि शाळा बुडणं असा सगळा हिशोब धरायचा.

२०२३ पासून एफआयएच्या मान्यतेची भारतीय फॉर्म्युला ४ मालिका सुरू झाली. या गाड्यांत बसायला वय किमान १५ लागतं. इथवरचा खर्च एखादं सधन घर किंवा चांगला प्रायोजक झेपवू शकतो. त्यापुढे युरोप. फॉर्म्युला २ चा एक मोसम वीस लाख युरोंच्या पुढे जातो. गंगापूर रोडचे दोन-चार फ्लॅट विकून हे जमेल असं वाटत असेल तर पुन्हा आकडेमोड करा.

आजवर फॉर्म्युला वनची शर्यत खेळलेले भारतीय दोनच. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये जॉर्डनकडून आणि करुण चंढोक २०१० मध्ये एचआरटीकडून. मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला २ मध्ये शर्यती जिंकला आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या फॉर्म्युला ईमध्ये पोचला. बंगळुरूच्या कुश मैनीने २०२५ मध्ये मोनॅकोची फॉर्म्युला २ स्प्रिंट, म्हणजे छोटी शर्यत, जिंकली. जेहान पुढे आला तो फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन टीमच्या २०११ च्या कार्टिंग शोधमोहिमेतून, म्हणजे दारं कधीकधी अशीही उघडतात. पण ती उघडतात तेव्हा तुम्ही कार्टमध्ये असावं लागतं.

वेगापेक्षा ज्याकडे कुणी लक्ष देत नाही ते कौशल्य म्हणजे सांगता येणं. "गाडी बरोबर नाही" असं म्हणणारा ड्रायव्हर इंजिनिअरच्या काही कामाचा नसतो. वळणात शिरताना नाक सरळ जातंय, की मधे आल्यावर, की बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर मागचा भाग सुटतोय? तीन ठिकाणचे तीन आजार, आणि तिघांची औषधं वेगळी. भाड्याच्या कार्टमध्ये बसणाऱ्या मुलालाही वही द्या. प्रत्येक फेरीनंतर कुठल्या वळणावर काय झालं ते लिहायला लावा. आणि मान. वेगवान वळणांवर आणि जोरदार ब्रेकिंगला पाच जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पाचपटीच्या आसपास जोर येतो. हेल्मेटसकट डोकं तेवढ्या पटीनं जड होतं. मानेचा व्यायाम मात्र जाणकार प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच करायचा, व्हिडिओ बघून नाही.

रॅलीचा रस्ता, जो नाशिककरांना माहीत असायला हवा

ट्रॅक नाही म्हणून रडणाऱ्यांनी आपल्याच मातीकडे बघावं. राष्ट्रीय रॅली स्पर्धेतली रॅली ऑफ महाराष्ट्र आपल्या नाशिकच्या आसपासच्या कच्च्या रस्त्यांवर झालेली आहे. तीनदा एशिया-पॅसिफिक रॅली अजिंक्यपद जिंकलेल्या गौरव गिलला २०१९ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. मोटरस्पोर्टमध्ये तो मिळवणारा तो पहिलाच. सी. एस. संतोष २०१५ मध्ये डकार ही लांब पल्ल्याची वाळवंटी रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. हरिथ नोआने २०२४ मध्ये डकारचा रॅली २ गट जिंकला.

रॅलीत शेजारच्या सीटवर सहचालक बसतो. तो पेस नोट्स लिहितो आणि चालत्या गाडीत वाचतो: किती मीटरवर, कुठल्या बाजूला, किती तीव्र वळण. हिशोब पक्का, डोकं थंड आणि प्रवासात वाचताना मळमळत नसेल, तर कमी पैशात रेसिंगमध्ये शिरायचा हा सगळ्यात प्रामाणिक मार्ग आहे असं माझं मत आहे. दुसरा मार्ग मार्शल होण्याचा. शर्यत भरवणाऱ्या क्लबांना स्वयंसेवक लागतात. झेंडे दाखवायचे, अडकलेली गाडी बाजूला काढायची, दिवसभर उन्हात उभं राहायचं. ट्रॅकच्या इतकं जवळ तिकीट काढूनही जाता येत नाही.

इंजिनिअर: नक्की कुठला?

टीव्हीवर दिसतो तो रेस इंजिनिअर, ड्रायव्हरच्या कानात बोलणारा. हॅमिल्टन मर्सिडीजमध्ये असतानाचा त्याचा बोनो किंवा वेरस्टापेनशी वाद घालणारा जियानपिएरो लांबियासे. मुलांना तेवढंच काम दिसतं. पण मोठ्या टीममध्ये हजाराच्या आसपास माणसं असतात आणि शर्यतीच्या ठिकाणी गाडीवर काम करायला त्यांतली साठच्या आतच नेता येतात. बाकीचे वर्षभर कारखान्यात.

ते काय करतात? एरोडायनॅमिक्सवाले हवेचा प्रवाह बघतात. विंड टनेलमध्ये ६० टक्के आकाराचं मॉडेल ठेवतात आणि संगणकावर सीएफडी, म्हणजे हवेच्या प्रवाहाचं गणित, चालवतात. दोन्हीला नियमाने तासांची मर्यादा आहे, आणि आदल्या मोसमात जी टीम वर असते तिला कमी वेळ मिळतो. स्ट्रेस विभाग भाग तुटणार नाही याचं गणित मांडतो. कंपोझिटवाले कार्बन फायबरचे थर ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या भट्टीत, भाजतात. व्हेइकल डायनॅमिक्सवाले सस्पेन्शन आणि टायर, कंट्रोल्सवाले सॉफ्टवेअर, स्ट्रॅटेजीवाले पिट स्टॉप कधी घ्यायचा याची संभाव्यता. रेड बुलची हॅना श्मिट्झ केंब्रिजला मेकॅनिकल शिकून २००९ मध्ये टीममध्ये आली आणि पुढे स्ट्रॅटेजीची प्रमुख झाली. लॉरा म्युलर हास टीमच्या सिम्युलेटर विभागातून वर येत २०२५ मध्ये रेस इंजिनिअर बनली. रेस इंजिनिअर म्हणून थेट भरती जवळजवळ होत नाही. आधी डेटा, मग परफॉर्मन्स, खालच्या मालिकांत दोन-चार मोसम, आणि मग कधीतरी ते हेडफोन.

इंजिनिअर नसाल तरीही जागा आहे. टर्नर, फिटर, पाच-अक्षांच्या मशीनवर काम करणारे, कार्बनचे लॅमिनेटर, इलेक्ट्रिकल हार्नेस बनवणारे. इथे नाशिक कमी नाही. बॉशच्या सातपूरच्या कारखान्यात डिझेल इंजेक्टर आणि नोझलवर मायक्रॉनमध्ये काम चालतं, ओझरला एचएएल लढाऊ विमानं जोडतं. आयटीआय करून अशा ठिकाणी हात बसलेला कामगार आणि अंतिम वर्षाचा इंजिनिअर यांत मला निवडायला लावलं तर मी थोडा वेळ विचार करेन.

कॉलेजची टीम: खरी परीक्षा इथे

इंजिनिअरिंगला प्रवेश घेताना प्लेसमेंटचे आकडे सगळे विचारतात. तुम्ही विचारा: फॉर्म्युला स्टुडंट किंवा बाहा या विद्यार्थ्यांच्या गाडी बनवण्याच्या स्पर्धांची टीम आहे का, गेल्या वर्षी गाडी एंड्युरन्स, म्हणजे शेवटची लांब धाव, पूर्ण करून आली का, वर्कशॉप रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर, कुठलीही शाखा चालते. आता इलेक्ट्रिक गाड्यांचा गट असल्याने इलेक्ट्रिकलवाल्यांचे दिवस आहेत.

बाहा म्हणजे खडबडीत रस्त्याची गाडी. तिची स्पर्धा पीथमपूरच्या नॅट्रॅक्सवर होते. नाशिकच्या द्वारका चौकातून जाणारा आपला आग्रा रोड धरला की तो थेट त्याच बाजूला घेऊन जातो. फॉर्म्युला भारत ही आपल्याकडची फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धा कोइमतूरच्या कारीवर होते. तिथे एका आसनाची, उघड्या चाकांची गाडी विद्यार्थ्यांनी स्वतः बनवून आणायची. इंजिन ७१० सीसीपर्यंत, पण पेट्रोल गाडीची सगळी हवा २० मिलिमीटरच्या एका भोकातून आत गेली पाहिजे. बऱ्याच भारतीय टीम केटीएम ३९० चं इंजिन लावतात. मग ७५ मीटरची धाव, आठच्या आकाराचा स्किडपॅड, ऑटोक्रॉस म्हणजे वळणावळणाची वेगवान फेरी, आणि शेवटी साधारण २२ किलोमीटरची एंड्युरन्स. त्याआधी परीक्षकांपुढे डिझाइन, खर्च आणि व्यवसायाचा आराखडा मांडायचा.

आमची गाडी एंड्युरन्समध्ये गेली. अर्ध्यात ड्रायव्हर बदलायचा, इंजिन बंद करायचं आणि पुन्हा चालू करायचं. बंद झालं. चालू झालं नाही. इंधनाची नळी आम्ही एक्झॉस्टच्या जवळून नेली होती. धावताना वारा लागायचा तेव्हा ठीक होतं, उभी राहिल्यावर नळीतलं पेट्रोल तापलं. चार महिने आम्ही गाडी चालवून पाहिली होती, पण गरम इंजिन बंद करून तीन मिनिटांनी पुन्हा सुरू करून कुणीच पाहिलं नव्हतं. ती रात्र मी विसरलेलो नाही. आणि पुढे आमच्या टीमच्या मुलीला मुलाखतीत पाऊण तास विचारलं ते नेमकं यावरच: का झालं, कसं शोधलं, पुढच्या वर्षी काय बदललं. जिंकलेल्या करंडकाबद्दल एक प्रश्नही नाही. म्हणून टीममध्ये असताना बिघाडांची वही ठेवा. तारीख, फोटो, कारण, उपाय.

दुसरा धडा नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका काकांनी दिला. मी व्हील हबचं ड्रॉइंग घेऊन त्यांच्या वर्कशॉपमध्ये गेलो होतो, मोठ्या ऐटीत. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "बेअरिंग बसायचंय ना इथं? मग टॉलरन्स कुठंय? तुझ्या तोंडाकडं बघून करू का?" टॉलरन्स म्हणजे मापात किती फरक चालेल ते. त्या दिवशी जे शिकलो ते चार सेमिस्टरमध्ये शिकलो नव्हतो. सुट्टीत सातपूर-अंबडच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये महिनाभर फुकट उभे राहा. लेथ, व्हीएमसी, वायरकट या धातू कापायच्या यंत्रांवर काय स्वस्तात होतं, कशाला दिवस जातात, हे कळलं की तुमची डिझाइनं आपोआप सुधारतात.

घरबसल्या काय करता येतं

पैसे न लागणारी गोष्ट म्हणजे नियमावली. एफआयएचे फॉर्म्युला वनचे तांत्रिक नियम संकेतस्थळावर फुकट आहेत. रोज दोन पानं. कंटाळवाणं आहे, पण हेच वाचून त्यातली फट शोधायची, हाच वरच्या लोकांचा धंदा आहे.

पायथॉन शिका. फास्टएफवन नावाची फुकट लायब्ररी आहे, तिच्यातून २०१८ पासूनच्या फॉर्म्युला वन शर्यतींची टेलिमेट्री, म्हणजे गाडीच्या वेगाचा आणि ब्रेकचा डेटा, काढता येते. एकाच टीमच्या दोन ड्रायव्हरांची एक-एक फेरी घ्या आणि कोण कुठे उशिरा ब्रेक लावतो ते आलेखावर दाखवा. ड्रायव्हिंगची आवड असेल तर असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओनेसारख्या सिम्युलेटरमधून स्वतःचाच डेटा मोटेक या रेसिंग डेटाच्या कंपनीच्या फाइलमध्ये निघतो. मोटेकचं आय२ सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि खऱ्या रेसिंग टीमही ते वापरतात. जॅन मार्डनबरो २०११ मध्ये निसानच्या व्हिडिओ गेम स्पर्धेतून खऱ्या ट्रॅकवर गेला हे खरं, पण त्याच्या नावावर आईबाबांकडून महागडं स्टिअरिंग उकळू नका. डेटा वाचायला शिकलात तर ते पैसे वसूल.

मॅटलॅब आणि एखादं थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर कॉलेजात मिळतंच. खूप सॉफ्टवेअरांची नावं बायोडेटावर भरण्यापेक्षा एक नीट येऊ द्या.

पुढचं शिक्षण आणि व्हिसा

टीम बहुतेक इंग्लंडात आहेत. मर्सिडीज ब्रॅकलीला, रेड बुल मिल्टन कीन्सला, मॅक्लारेन वोकिंगला, विल्यम्स ग्रोव्हला, ॲस्टन मार्टिन सिल्व्हरस्टोनला. इटलीत फेरारी मारानेल्लोला, रेसिंग बुल्स फाएंझाला. आणि सातपूरला जिची गाडी बनते त्या महिंद्राची फॉर्म्युला ई टीम २०१४ च्या पहिल्या मोसमापासून खेळते आहे. तिचं ठाणं बॅनबरीला आहे, आणि तिने पहिली शर्यत २०१७ मध्ये बर्लिनला जिंकली.

मास्टर्ससाठी क्रॅनफिल्ड, ऑक्सफर्ड ब्रूक्स, साउदॅम्प्टन ही नावं नेहमी निघतात. फॉर्म्युला वन गाड्यांचा नामांकित डिझायनर एड्रियन न्यूई साउदॅम्प्टनचाच, वैमानिकी शिकलेला. फी जड वाटत असेल तर इटलीतल्या एमिलिया-रोमान्याच्या सरकारी विद्यापीठांनी फेरारी, दल्लारा, लॅम्बोर्गिनी यांच्या सोबत चालवलेला म्युनर हा कार्यक्रम पाहा. अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. जागतिक क्रमवारीची अट असते, त्यामुळे विद्यापीठ निवडण्याआधीच ती वाचा. आमच्या ओळखीतल्या एकाने प्रवेश आधी घेतला आणि अट नंतर वाचली.

व्हिसा हाच खरा अडसर आहे, आणि त्याबद्दल कौन्सेलर गोड बोलतात. शिक्षणानंतर काही काळ काम करायची मुभा मिळते, पण तो काळ आणि पगाराच्या अटी सरकार बदलत राहतं. ब्रिटनमध्ये परदेशी माणसाला नोकरीवर ठेवायला कंपनीकडे स्पॉन्सर लायसन्स लागतं, आणि ज्यांच्याकडे ते आहे त्यांची यादी तिथल्या सरकारी संकेतस्थळावर सगळ्यांना बघता येते. अर्ज करायच्या आधी त्या यादीत टीमचं नाव शोधा. छोट्या टीमकडे बहुधा नसतं, म्हणूनच फॉर्म्युला ३ किंवा जीटी, म्हणजे स्पोर्ट्स कारच्या शर्यतींमध्ये, शिरायचा सोपा वाटणारा मार्ग आपल्याला अवघड जातो. गिअरबॉक्स, ब्रेक, सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्याही धुंडाळा.

परदेश जमला नाही तरी होसूरला टीव्हीएस रेसिंग आहे, हीरोची डकार टीम आहे, पुण्याला गाड्यांची चाचणी घेणारी एआरएआय आहे. मी याच बाजूचा. वाईट नाही चाललेलं.

अर्ज

बायोडेटा एक पान. "टीमचा सक्रिय सदस्य होतो" हे वाक्य खोडा. त्याजागी काय केलं, किती आकड्याने बदललं आणि ते कसं मोजलं, एवढंच लिहा. पुढचा ब्रॅकेट दीडशे ग्रॅमने हलका केला असेल तर तो तुटणार नाही हे कशावर तपासलं, तेही. टीमच्या वर्षभराच्या प्लेसमेंटच्या, म्हणजे विद्यार्थ्यांनी टीममध्ये काम करायच्या, जागा साधारण शरद ऋतूत जाहीर होतात आणि लवकर बंद होतात, म्हणजे आपल्या गणपती-नवरात्राच्या धामधुमीत लक्ष ठेवावं लागतं. नकार शंभर येतील. पगाराचा आकडा ऐकून आयटीतला चुलतभाऊ हसेल. २०२५ च्या मोसमात २४ शर्यती होत्या, त्यामुळे टीमसोबत फिरणाऱ्याची लग्नं-बारशी चुकतात, हे घरी आधीच सांगून ठेवा.

पालकांसाठी एक कागद

मुलगा किंवा मुलगी कार्टमध्ये बसणार असेल तर घरची मेडिक्लेम पॉलिसी कपाटातून काढा आणि वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा. धोकादायक खेळांत व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेली इजा बहुतेक पॉलिसींत वगळलेली असते, आणि त्या यादीत मोटर रेसिंगचं नाव लिहिलेलं असतं. स्पर्धक लायसन्ससोबत कुठला विमा मिळतो, किती रकमेचा, सरावाच्या दिवशी लागू आहे की फक्त शर्यतीच्या, हे लेखी विचारून घ्या. हेल्मेट, सूट आणि बूट यांच्या खर्चाच्या रकान्यातच हाही लिहा.